एमिल याकोब शिंडलर: ओल्या हवेचा आणि भाजीच्या वाफ्यांचा चित्रकार

निसर्गवेडी

व्हिएन्नाची चित्रकला म्हटली की क्लिम्टचा सोनेरी वर्ख आणि शीलेच्या वाकड्यातिकड्या रेषा, एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं. त्यांच्या आधीच्या पिढीतला एमिल याकोब शिंडलर मला या दोघांइतकाच जवळचा वाटतो. मराठीत त्याच्याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढतेय. ज्यांनी त्याचं नाव ऐकलं असेल त्यांनी ते बहुधा आल्माचा बाप म्हणून ऐकलं असेल. आल्मा म्हणजे संगीतकार गुस्ताव मालरची बायको. पण तिच्या गाजलेल्या लग्नांच्या आणि प्रेमप्रकरणांच्या गोष्टींखाली तिच्या बापाची चित्रं पार दबून गेली आहेत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

जन्म २७ एप्रिल १८४२, व्हिएन्ना. १८६० मध्ये तो तिथल्या कला अकादमीत आल्बर्ट त्सिमरमान यांच्या निसर्गचित्रणाच्या वर्गात शिकायला लागला. त्या वर्गातून ऑयगेन येटेल, रूडॉल्फ रिबार्त्स, रॉबर्ट रुस अशी एकाहून एक मंडळी बाहेर पडली. पण तेव्हाच्या व्हिएन्नात मान होता तो इतिहासातल्या आणि पुराणातल्या प्रसंगांच्या भव्य चित्रांना. पुढे हान्स माकार्टने तर भिंतभर कॅनव्हास रंगवून सगळं शहर वेडं केलं. निसर्गचित्र ही दुय्यम गोष्ट, आणि काढायचंच तर आल्प्सचे कडे, धबधबे, वादळ असं काहीतरी छाती दडपून टाकणारं काढायचं. "प्रत्यक्ष निसर्गासमोर बसून शिका" असं सांगणाऱ्या वाल्डम्युलर या चित्रकाराचं अकादमीशी इतकं बिनसलं की १८५७ मध्ये त्याला सक्तीने निवृत्त केलं. शिंडलर अकादमीत आला तो यानंतर तीनच वर्षांनी.

सुरुवातीला शिंडलरही स्वप्नाळूच होता. १८६०च्या दशकात त्याने वनपरीच्या गोष्टीवर चित्रं काढली. पण हळूहळू त्याची नजर जवळ आली, आणि माझ्या मते तो खरा चित्रकार झाला तो इथे. १८७१-७२ सालचं त्याचं एक चित्र आहे: कायझरम्युलनच्या समोरचा, डॅन्यूबवरचा आगबोटीचा धक्का. पाणी, लाकडी धक्का, झाडं आणि बोटीची वाट बघणारी माणसं. बघण्यासारखं म्हणून कुणी मुद्दाम जाईल असं त्यात काहीच नाही. आणि तरी पाण्यावरच्या त्या करड्या-चंदेरी उजेडावरून नजर हलत नाही. याच सुमाराला, १८७० ते १८७५ या काळात, पुराला आळा घालण्यासाठी डॅन्यूबचं पात्र सरळ करायचं प्रचंड काम चालू होतं. नदीचे जुने फाटे, दलदल, काठची रानं सगळंच बदलत होतं. शिंडलर जे रंगवत होता ते त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसं होत होतं, हे लक्षात ठेवून ते चित्र पुन्हा बघा.

डॅन्यूबच्या काठचंच प्राटर हे त्याचं आवडतं ठिकाण. एके काळचं बादशाही शिकारीचं रान, १७६६ मध्ये दुसऱ्या योझेफने लोकांना खुलं केलेलं. १८७३ मध्ये तिथे जागतिक प्रदर्शन भरलं. १ मे ला उद्घाटन आणि ९ मे ला शेअर बाजार कोसळला. उन्हाळ्यात कॉलराही आला. चित्रं विकत घेणाऱ्या श्रीमंतांचे हात आखडले. पण प्रदर्शनासाठी उभारलेल्या इमारतींपैकी एका मंडपात शिंडलरला स्टुडिओ मिळाला, आणि रान अगदी दाराशी आलं. प्राटरच्या पाणथळ भागातल्या चंद्रोदयाच्या चित्रासाठी १८७८ मध्ये त्याला राइशेल पारितोषिक मिळालं.

पैशाच्या बाबतीत मात्र आनंदच होता. बक्षिसं मिळायची, नाव व्हायचं, आणि कर्ज काही फिटायचं नाही. १८७९ च्या फेब्रुवारीत त्याने आना बेर्गेन या हाम्बुर्गच्या गायिकेशी लग्न केलं. तो स्वतः चांगला गायचा आणि कलावंतांनी बसवलेल्या एका संगीतिकेत दोघं एकत्र गायले होते. लग्नानंतर आनाचं रंगमंचावरचं गाणं थांबलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आल्मा झाली.

पुढचे काही उन्हाळे त्याने साल्त्सकामरगुट भागातल्या गॉइझर्न गावी काढले. सभोवती आल्प्सचे डोंगर, तळी, पर्यटकांना भुलवणारं सगळं. आणि याने तिथे रंगवल्या पाण्यावर चालणाऱ्या लाकूडकापाच्या गिरण्या आणि परसातल्या भाजीच्या बागा! सकाळच्या धुक्यातली गिरणी हा तर त्याचा जिव्हाळ्याचा विषय. ओले लाकडी पन्हळ, चाकावरून निथळणारं पाणी, शेवाळलेल्या फळ्या आणि मागे विरघळून गेलेली झाडं. त्या फळ्यांचा करडा रंग ओल्या पाटीसारखा आहे, आणि त्यात जवळून बघितलं तर हिरवा, जांभळट, तपकिरी असे कितीतरी रंग सापडतात.

१८८५ पासून त्याने व्हिएन्नाच्या पश्चिमेला, नॉयलेंगबाखजवळच्या प्लांकनबेर्ग इथला जुना वाडा उन्हाळ्यासाठी भाड्याने घेतला. तिथे त्याच्याभोवती शिष्यांचा मेळा जमला: कार्ल मोल, मारी एग्नर, ओल्गा व्हिझिंगर-फ्लोरियान. वाड्याकडे जाणारी पॉप्लरच्या झाडांची वाट, भाज्यांचे वाफे, कुंपणाकडेची फुलं, एवढ्या भांडवलावर त्याने आयुष्यातली काही उत्तम चित्रं काढली.

९ ऑगस्ट १८९२ रोजी उत्तर समुद्रातल्या झ्युल्ट बेटावर, सुट्टीवर असताना, अपेंडिक्स फुटून तो गेला. नुकती पन्नाशी ओलांडली होती.

कुणी त्याची चित्रं प्रत्यक्ष पाहिली असतील तर जरूर लिहा. तज्ज्ञांनी तंत्राबद्दलही लिहावं.

माळरान

फारच छान ओळख. हे नावही माहीत नव्हतं. आगबोटीच्या धक्क्याचं चित्र शोधून पाहिलं आणि बराच वेळ पाहत बसलो. नदीचं पात्र बदलण्याचा संदर्भ नसता तर ते नुसतंच सुंदर चित्र वाटलं असतं.

दूरदेशी

निसर्गवेडीताई, धाग्यासाठी मनापासून आभार. मी व्हिएन्नात राहतो. बेल्वेडेअर संग्रहालयात शिंडलरची चित्रं आहेत, आणि २०१२-१३ मध्ये तिथे त्याचं मोठं स्वतंत्र प्रदर्शनही झालं होतं. शहरातल्या श्टाट्टपार्कमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे, एडमुंड हेल्मरने घडवलेला, १८९५ चा. याच हेल्मरने नंतर त्याच बागेत योहान श्ट्राउसचा सोनेरी पुतळा उभा केला. श्ट्राउससमोर फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते. शिंडलरकडे जाणारे लोक कमी, पण पुतळा म्हणून मला तोच जास्त आवडतो. उभा, छाती काढलेला थोर पुरुष नाही. रानात काम करता करता बसलेला माणूस आहे, हातात रंगांची पाटी घेतलेला. मरणानंतर तीन वर्षांत एका निसर्गचित्रकाराचा पुतळा शहराच्या बागेत उभा राहतो, यावरून त्या काळी त्याला काय मान होता ते कळतं.

चिकित्सक_मन

लेख आवडला, पण एक शंका मांडतो. शिंडलरचं कौतुक करताना आपण त्याला जरा जास्तच उंचीवर नेत नाही ना? साल बघा. मोनेचं सूर्योदयाचं ते प्रसिद्ध चित्र १८७२ चं, आणि पॅरिसमधलं इम्प्रेशनिस्टांचं, म्हणजे क्षणाचा उजेड रंगवणाऱ्या चित्रकारांचं, पहिलं प्रदर्शन १८७४ चं. म्हणजे शिंडलर प्राटरमध्ये करड्या रंगांत चंद्रोदय रंगवत होता तोवर पॅरिसमध्ये सावल्या निळ्या-जांभळ्या झाल्या होत्या. शिंडलर आणि त्याच्या वर्तुळाला ऑस्ट्रियात 'भाव-इम्प्रेशनिस्ट' अशा अर्थाचं नाव दिलं जातं. मला ते नाव उसनं वाटतं. त्याची नाळ फ्रान्समधल्या बार्बिझों गावच्या निसर्गचित्रकारांशी, कोरो आणि दोबिन्यीशी जुळते, आणि ती मंडळी त्याच्या आधीच्या पिढीतली. त्याचे वर्गबंधू येटेल आणि रिबार्त्स १८७०च्या दशकात पॅरिसला गेले, वर्षानुवर्षं राहिले. हा व्हिएन्नातच राहिला. काळाच्या मागे राहिलेला गुणी चित्रकार, असं म्हटलं तर चूक आहे का?

कॅनव्हास

चिकित्सक, तुमची सालं बरोबर आहेत. निष्कर्ष मला पटत नाही. मी स्वतः तैलरंगात निसर्गचित्रं करतो, म्हणून हातात ब्रश धरणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

इम्प्रेशनिस्टांनी रंग सुटे केले. शेजारी शेजारी ठिपके ठेवले आणि मिसळायचं काम डोळ्यावर सोडलं. त्यासाठी ऊन लागतं. उन्हात सावलीला स्वतःचा रंग येतो. शिंडलरचा प्रश्नच वेगळा होता. त्याला ढगाळ हवा हवी होती. ढगाळ दिवशी सावल्या जवळजवळ नसतात, सगळ्या बाजूंनी सारखाच मऊ उजेड येतो. मग वस्तू एकमेकींपासून वेगळ्या दाखवायच्या कशाने? उजेडाच्या बारीक बारीक पायऱ्यांनी. आकाश सगळ्यात उजळ, पाणी त्याहून किंचित गडद, ओली वाट त्याहून किंचित, मग गवत, मग झाडं. यातली एक पायरी चुकली की अख्खं चित्र मेलं. करून बघितल्याशिवाय हे किती अवघड आहे ते कळत नाही.

दुसरी अडचण हिरव्याची. पावसानंतरची हिरवाई ट्यूबमधल्या हिरव्या रंगाने रंगवली तर ती प्लास्टिकची वाटते. तिला गेरूने, लालसर मातकट रंगाने मारावं लागतं, आणि फार मारलं तर चिखल होतो. शिंडलरच्या भाजीच्या बागांच्या चित्रांत हिरव्यांचा हा तोल बघा. वाफ्यातला हिरवा, कुंपणापलीकडचा हिरवा, दूरच्या झाडीचा हिरवा, तिन्ही वेगळे, आणि एकही ओरडत नाही. १८८४ चं त्याचं व्हिएन्नावाल्डमधल्या फेब्रुवारीचं चित्र आहे. त्यात तर हिरवा जवळजवळ नाहीच. वसंत अजून आलेला नाही, पण आता येणार, एवढंच त्याने मातकट आणि करड्या रंगांत सांगितलं आहे.

बाहेर बसून काम करणं शक्य झालं ते धातूच्या ट्यूबमुळे, हेही इथे नोंदवतो. जॉन रँडने तिचं पेटंट घेतलं १८४१ मध्ये, शिंडलरच्या जन्माच्या आदल्या वर्षी. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून नेत, टोचून काढत, आणि ते लवकर सुकत. शिंडलरच्या पिढीला पहिल्यापासून खिशात मावणारा रंग मिळाला.

तेव्हा 'मागे राहिलेला' म्हणू नका. पॅरिसच्या शर्यतीत तो उतरलाच नव्हता.

चिकित्सक_मन

कॅनव्हास, उजेडाच्या पायऱ्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो समजून घेऊन पुन्हा चित्रं बघेन. तरी माझा मूळ आग्रह कायम आहे. इम्प्रेशनिस्ट हे बिरुद त्याला लावायला नको. तुमच्या प्रतिसादानेही तेच सिद्ध होतंय.

निसर्गवेडी

बिरुदाबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. २०१२ च्या ज्या प्रदर्शनाचा उल्लेख वर दूरदेशींनी केला, त्याच्या नावात 'काव्यात्म वास्तववाद' असे शब्द होते, आणि मला ते जास्त जवळचे वाटतात. समोर आहे तेच रंगवायचं, सजवायचं नाही, पण ते बघताना मनात जे हललं तेही त्यात उतरलं पाहिजे, असं काहीसं.

रेवातीर

उशिरा येतेय, पण या धाग्यात एक नाव अजून आलेलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं. टीना ब्लाऊ. प्राटर आणि शिंडलर म्हटलं की तिच्याशिवाय गोष्ट अर्धीच राहते.

टीनाचा जन्म १८४५ चा, व्हिएन्नातल्या ज्यू कुटुंबातला. अकादमीचे दरवाजे मुलींना बंद होते. ते उघडले थेट १९२० मध्ये, तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी! म्हणून तिने खाजगी शिकवण्या लावल्या. आधी व्हिएन्नात आउगुस्ट शेफरकडे, मग म्युनिकला लिंडेनश्मिटकडे. बापाने पाठिंबा दिला म्हणून हे जमलं. हंगेरीतल्या सोल्नोकला जाऊन तिने मोकळ्या मैदानांची चित्रं केली. १८७५ मध्ये ती आणि शिंडलर हॉलंडला गेले, आणि प्राटरमधल्या ज्या स्टुडिओचा उल्लेख निसर्गवेडींनी केला तो या दोघांनी मिळून वापरला. शिंडलरने सोडल्यावर तो तिच्याकडेच राहिला, अगदी १९१६ मध्ये ती जाईपर्यंत.

कित्येक ठिकाणी तिला शिंडलरची शिष्या म्हणून मोकळे होतात. ती स्वतः हे कधीच मान्य करत नसे. ती त्याच्याकडे आली तेव्हा तिचं शिक्षण झालेलं होतं, चित्रं विकली जात होती. दोघं बरोबरीने काम करत होते. एकाच रानात शेजारी बसून काढलेल्या चित्रांत तिची चित्रं जास्त उजळ आहेत, हे कुणालाही दिसेल.

प्राटरमध्ये रंग, कॅनव्हास, तो टेकवायची लाकडी घोडी हे सगळं न्यायला ती लहान मुलांची ढकलगाडी वापरायची. हे मला फार आवडतं. रस्त्यावरच्या लोकांना काय वाटेल याची फिकीर न करता ती गाडी ढकलत निघायची आणि जागा सापडली की काम सुरू.

तिचं सर्वांत प्रसिद्ध चित्र 'प्राटरमधला वसंत', १८८२ चं. जवळजवळ तीन मीटर रुंद! निसर्गचित्र एवढं मोठं, तेही एका बाईने काढलेलं. नुकतंच पालवलेलं रान, भरपूर आकाश आणि फिरायला आलेली छोटी छोटी माणसं. त्या वर्षी क्युन्स्टलरहाउसमध्ये, म्हणजे व्हिएन्नाच्या कलावंत-संघटनेच्या प्रदर्शनगृहात, मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन होतं. निवड करणाऱ्यांना हे चित्र इतकं उजळ वाटलं की ते नाकारण्याच्या बेतात होते. त्यांच्या दृष्टीने भिंतीला भोक पडल्यासारखं दिसत होतं ते. तेव्हा मध्ये पडला हान्स माकार्ट. भव्य पौराणिक चित्रांचा राजा, पण त्याने या चित्राची बाजू घेतली आणि ते लागलं. फ्रान्सचे माजी कलामंत्री आंतोनँ प्रुस्त यांनी ते बघितलं आणि पॅरिसला पाठवायला सांगितलं. १८८३ च्या पॅरिस सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात, त्याचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला.

चिकित्सक, व्हिएन्नात त्या काळी खऱ्या उन्हाचा उजेड कुणी रंगवला असं विचाराल तर माझं उत्तर टीना ब्लाऊ हेच आहे.

कॅनव्हास

रेवाताई, अगदी शंभर टक्के. 'प्राटरमधला वसंत' मध्ये आकाशाचा निळा जमिनीवरच्या सावल्यांत उतरलेला दिसतो. ती पॅरिसची नक्कल करत नव्हती. मोकळ्या मैदानात वर्षानुवर्षं बसलं की डोळ्याला हे आपोआप दिसायला लागतं.

माळरान

ढकलगाडीचं वाचून भारावून गेलो. पुढे काय झालं तिचं?

रेवातीर

१८८३ मध्ये तिने हाइनरिश लांग या घोड्यांची आणि युद्धाची चित्रं काढणाऱ्या चित्रकाराशी लग्न केलं आणि म्युनिकला गेली. लग्नाआधी धर्म बदलून प्रॉटेस्टंट झाली. तिथे १८८९ पासून स्त्री-कलाकारांच्या संघटनेच्या शाळेत शिकवलं. १८९१ मध्ये नवरा गेला, १८९४ मध्ये ती व्हिएन्नाला परतली आणि पुन्हा प्राटरच्या त्याच स्टुडिओत कामाला बसली. १८९७ मध्ये व्हिएन्नात मुलींसाठी खास कलाशाळा निघाली. तिथे १८९८ पासून १९१५ पर्यंत तिने निसर्गचित्रण शिकवलं. जी दारं तिला स्वतःला बंद होती, ती तिने पुढच्या मुलींसाठी दुसऱ्या बाजूने उघडली.

शिंडलरच्या शिष्या म्हणून वर आलेल्या दोघींबद्दलही लिहिते. ओल्गा व्हिझिंगर-फ्लोरियान आधी पियानोवादक होती. हाताच्या दुखण्यामुळे मैफिली सोडाव्या लागल्या आणि ती चित्रकलेकडे वळली. शिंडलरकडे शिकून तिने पुढे स्वतःची वाट धरली. तिची नंतरची फुलांची शेतं आणि पानगळीची रानं रंगांनी इतकी भडक, इतकी जाड रंगलेपाची आहेत की गुरूची करडी हवा तिथे उरलेली नाही. मारी एग्नर बराच काळ प्लांकनबेर्गच्या वर्तुळात राहिली. क्युन्स्टलरहाउसचं सभासदत्व बायकांना मिळत नव्हतं, म्हणून १९०१ मध्ये या मंडळींनी 'आठ स्त्री-कलाकार' असा गट करून स्वतःची प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली. टीना, ओल्गा, मारी तिघी त्यात होत्या.

स्वरगंधार

मी या धाग्यावर आलो मालरच्या नादाने, पण शेवटपर्यंत वाचला. आल्माच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण चित्रकार शिंडलर समजायला तिची मदत होते. लहानपणी ती तासन् तास बापाच्या स्टुडिओत उभी राहून त्याचा चालणारा हात बघायची. बापाने आपल्याला मोठ्या माणसासारखं वागवलं, ग्योथेचं 'फाउस्ट' लहान वयात समजावून सांगितलं, ही आठवण तिने लिहून ठेवली आहे. तो गेला तेव्हा ती तेरा वर्षांचीही नव्हती. आयुष्यभर तिने ज्या पुरुषांचा विचार केला त्यांना ती बापाच्या मापाने मोजत राहिली, असं तिच्या आठवणी वाचताना मला वाटतं.

१८८७ च्या अखेरीस शिंडलर कुटुंबाला घेऊन दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर आणि कोर्फू बेटावर गेला. सोबत शिष्य कार्ल मोल होता. काम होतं युवराज रूडॉल्फचं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सगळ्या प्रांतांची सचित्र ओळख करून देणारी चोवीस खंडांची ग्रंथमाला युवराजाने काढली होती. तिच्यासाठी एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या गावांची एकरंगी चित्रं शिंडलरने करायची होती. कोर्फूला असताना आल्मासाठी एक छोटा पियानो मिळवला आणि तिथे तिचं संगीत सुरू झालं. पुढे मालरने लग्नाआधीच तिला स्वतःच्या रचना करणं थांबवायला सांगितलं हे सगळ्यांना ठाऊक आहेच. तिची पाच गाणी अखेर १९१० मध्ये छापली गेली. शिंडलर जगला असता तर त्याने लेकीला गप्प बसू दिलं असतं का, हा प्रश्न मला छळतो.

निसर्गवेडी

स्वरगंधार, खूप आभार. दाल्मेशियाच्या प्रवासाचं फळ म्हणजे १८९१ चं त्याचं 'पाक्स' हे चित्र, म्हणजे 'शांती'. दुब्रोव्हनिकजवळच्या ग्रावोसाच्या, आजच्या ग्रुझच्या, दफनभूमीवरून सुचलेलं. भलं मोठं, गंभीर चित्र. काळपट सायप्रस, खडक, थडगी. त्याच वर्षी त्याला सरकारचं मोठं सुवर्णपदकही मिळालं.

खरं सांगू? मला ते चित्र तितकं भावत नाही. त्यात तो काहीतरी महान सांगायला निघाला आहे असं जाणवत राहतं. परसातल्या बागेत त्याला काही सांगायचं नव्हतं, आणि तिथे तो कितीतरी जास्त सांगून गेला.

कॅनव्हास

'पाक्स'बद्दल माझं मत वेगळं आहे. दक्षिणेकडच्या कोरड्या, कडक उजेडात त्याच्या नेहमीच्या धूसर युक्त्या चालणार नव्हत्या. घडण बदलावी लागली. दगड घट्ट झाले, कडा आल्या. वर्षभरात तो गेला म्हणून ही वाट पुढे कुठे गेली असती ते कळत नाही. बोक्लिन या चित्रकाराच्या 'मृतांचं बेट' या चित्राशी त्याची तुलना करतात, पण बोक्लिनचं बेट कल्पनेतलं आणि ही दफनभूमी खरी, जागेवर जाऊन पाहिलेली. मला हा फरक मोठा वाटतो.

चिकित्सक_मन

या चर्चेत शिष्यांचा पुढचा प्रवासही जोडायला हवा, कारण शिंडलरचं ऐतिहासिक महत्त्व तिथे दिसतं. कार्ल मोलने शिंडलर गेल्यावर तीन वर्षांनी त्याच्या विधवेशी लग्न केलं. १८९७ मध्ये क्लिम्ट आणि इतरांबरोबर सेसेशन ही संघटना काढणाऱ्यांत मोल पुढे होता. सरकारने आधुनिक चित्रकलेचं संग्रहालय उभारावं म्हणून त्याने पाठपुरावा केला आणि ते १९०३ मध्ये खालच्या बेल्वेडेअरमध्ये उघडलं. म्हणजे दूरदेशी ज्या संग्रहालयात शिंडलर बघतात त्याचा पाया घालण्यात शिंडलरच्याच शिष्याचा हात होता. क्लिम्टने १९०० च्या आसपास आटरझे तळ्याकाठी निसर्गचित्रं सुरू केली. त्यातही कडे-धबधबे नाहीत. फळबागा, पॉप्लर, पाण्याचा पृष्ठभाग, कोंबड्यांचं अंगण. जवळचं बघण्याची ही सवय व्हिएन्नाला शिंडलरच्या पिढीने लावली, असं मी आता म्हणेन.

मोलचा शेवट मात्र काळा आहे. म्हातारपणी तो नाझींचा समर्थक झाला आणि १९४५ मध्ये रशियन फौजा शहरात शिरल्यावर त्याने लेक आणि जावयासह आत्महत्या केली. परागंदा झालेल्या आल्माच्या मालकीचं, मुंक या चित्रकाराने काढलेलं एक चित्र त्याने १९४० मध्ये परस्पर बेल्वेडेअरला विकलं होतं. ते तिच्या नातीला परत मिळायला २००७ साल उजाडलं.

रेवातीर

हे वाचून अंगावर काटा आला. त्याच राजवटीत टीना ब्लाऊचं नाव ज्यू म्हणून पुसलं जात होतं. पुढे कित्येक वर्षं ती विस्मरणात गेली, त्याचं हे एक मोठं कारण. शिंडलर 'आल्माचा बाप' म्हणून तरी उरला. टीनाला तेवढंही नशिबात नव्हतं.

माळरान

मे महिन्यात कामानिमित्त व्हिएन्नाला जाणं होणार आहे आणि एक दिवस मोकळा आहे. या धाग्यातलं काय काय बघता येईल? दूरदेशी, मार्गदर्शन करा.

दूरदेशी

माळरान, जरूर या. मे म्हणजे प्राटरचा सगळ्यात चांगला काळ.

सकाळी डी क्रमांकाच्या ट्रामने श्लॉस बेल्वेडेअर थांब्यावर उतरा. एकोणिसाव्या शतकातली चित्रं वरच्या महालात असतात. मांडणी बदलत असते, त्यामुळे निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर शिंडलर आणि ब्लाऊ यांची कोणती चित्रं त्या वेळी भिंतीवर आहेत ते तपासा. संग्रहाची छायाचित्रंही तिथे मोठ्या आकारात बघायला मिळतात. ज्यांना इथवर येणं शक्य नाही त्यांनीही अवश्य बघावीत. क्लिम्टच्या 'चुंबना'समोर गर्दी असेल. आगबोटीच्या धक्क्यासमोर नसेल, तिथे हवा तितका वेळ थांबा.

दुपारी यू४ मेट्रोने श्टाट्टपार्क, तिथे हेल्मरने घडवलेला शिंडलरचा पुतळा. मग प्राटरश्टेर्न स्थानकावर उतरून पाळण्यांच्या आणि त्या मोठ्या चाकाच्या गर्दीतून थेट पुढे जा. हाउप्टआले हा चेस्टनटच्या झाडांचा साडेचार किलोमीटरच्या आसपासचा सरळ रस्ता सुरू होईल. त्यावरच थांबू नका, डावी-उजवीकडच्या पायवाटांनी पाण्याच्या जुन्या फाट्यांकडे वळा. डॅन्यूब सरळ केली तेव्हा मागे राहिलेलं पाणी आहे ते.

आणि एक दिवस जास्तीचा काढता आला तर पश्चिमेकडे जाणाऱ्या लोकल गाडीने नॉयलेंगबाखला जाऊन या. शीलेही १९११-१२ मध्ये तिथे राहायचा, आणि त्याला अटक झाली तीही तिथेच. पाऊस पडत असेल तर बेत रद्द करू नका. छत्री घ्या आणि जा, शिंडलरला हवी असायची ती हवा तीच.

माळरान

लिहून घेतलं सगळं. आल्यावर प्राटरचे फोटो इथेच टाकतो. रेवाताई, टीना ब्लाऊवर तुम्ही वेगळा धागा काढाच, वाट बघतोय.